गोरेवाड्याच्या बाजूला राहून पुन्हा धावायला लागताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, घर नागपुरात दाभ्याच्या पुढे, खिडकीतून गोरेवाड्याच्या जंगलाकडची झाडी दिसते. तीन वर्षांपूर्वी दहा किलोमीटर आरामात व्हायचे, मग सगळं सुटलं आणि वजन वाढलं. आता पुन्हा धावायचंय, पण सोसायटीच्या ग्रुपवर बिबट दिसल्याचे मेसेज येतात आणि पहाटे साडेपाचला गेटबाहेर पाऊल टाकताना छाती धडधडते. सुरुवात कशी करावी, त्या रस्त्यावर धावावं का, काही समोर आलं तर काय करावं, आणि घरचे म्हणतात तशी ट्रेडमिल घेऊन मोकळं व्हावं का?

आधी वेळेबद्दल, कारण बाकी बरंच काही त्यावर ठरतं. नागपुरात जूनच्या सुरुवातीला सूर्य साधारण साडेपाचला उगवतो. जानेवारीच्या मध्यावर तोच ६:५० च्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात साडेपाचला बाहेर पडणारा माणूस उजेडात असतो, आणि तीच वेळ थंडीतही धरून ठेवली तर जवळजवळ तासभर मिट्ट काळोखात धावतो. बिबट, रानडुक्कर, अस्वल, मण्यार यांच्या वावराची वेळ उजेड-अंधारावर चालते, आपल्या अलार्मवर नाही. म्हणून अलार्म घड्याळाला बांधू नका, सूर्योदयाला बांधा. झाडीच्या कडेचा रस्ता असेल तर सूर्योदयानंतर वीस मिनिटांनी सुरुवात, वस्तीतला दिवे असलेला रस्ता असेल तर सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी चालेल. संध्याकाळीही हाच हिशोब: डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा ऑफिसातून येऊन साडेसहाला झाडीकडच्या रस्त्याला जायचं नाही. ही एक सवय लागली तर धोक्याचा मोठा भाग तिथेच गळून पडतो.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मे २०२१ च्या अखेरीस आयटी पार्कजवळ गायत्रीनगर भागात बिबट दिसला होता, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात मिहान या औद्योगिक परिसरात वाघाचा वावर आढळला होता. गोरेवाड्याच्या जंगलात मोकळे बिबट आहेत, तिथल्या प्राणिसंग्रहालयातले वेगळे. तुम्ही राहता तो पट्टा त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेला लागून आहे. पण धावणाऱ्याला इजा कशाने होते याचा क्रम लावायचा तर माझ्या मते असा लागतो: वाहनं, मोकाट कुत्री, ऊन, मग साप आणि रानडुक्कर, आणि त्याच्याही खाली बिबट. तुमची सगळी काळजी शेवटच्या नावावर खर्च होते आहे आणि पहिल्या तिघांसाठी काहीच उरत नाही, हे आधी बदलायला हवं.

आता पाय. दमसास लवकर परत येतो, तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. पायाच्या नळीचं हाड, टाचेमागची शीर आणि गुडघ्याभोवतीचे स्नायूबंध मात्र हळू तयार होतात, त्यांना महिने लागतात. पूर्वी धावलेल्या माणसाची हीच अडचण असते. छाती म्हणते ‘जमतंय, वाढव’, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. शिवाय तुम्ही घाबरलेले असता तेव्हा नाडी आधीच वर असते. त्याच वेगात दम जास्त लागतो, खांदे आवळले जातात, पावलं लांब आणि आदळत पडतात. म्हणून नवा रस्ता आणि नवं अंतर एकाच आठवड्यात घ्यायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

चाळिशी ओलांडली आहे, वजन वाढलं आहे, तेव्हा सुरू करण्याआधी बीपी, साखर आणि ईसीजी करून घ्या. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, भोवळ असं काही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय धावायचं नाही. तीन वर्षं कपाटात पडलेले बूट दिसायला नवे असले तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचा फोम कडक होतो आणि सोलचा गोंद सुटतो. अंगठ्याने मधला सोल दाबून बघा. दबतच नसेल किंवा वाकवल्यावर कडेला फट दिसली तर बदला.

आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये किमान एक दिवस सुटीचा. प्रत्येक वेळी पाच मिनिटं झपाझप चालून सुरुवात आणि पाच मिनिटं चालून शेवट. पहिला आठवडा: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे. दुसरा: दोन मिनिटं धावणं, दोन चालणं, सहा फेरे. तिसरा: तीन मिनिटं धावणं, दोन चालणं, पाच फेरे. चौथ्या आठवड्यात मुद्दाम मागे या, दुसऱ्याचाच करा. हाडाला सावरायला तो आठवडा लागतो आणि नेमका तोच लोक गाळतात. पाचवा: पाच मिनिटं धावणं, दोन चालणं, चार फेरे. सहावा: आठ आणि दोन, तीन फेरे. त्यानंतर बारा-बारा मिनिटांचे दोन तुकडे, आणि आठव्या आठवड्यात सलग पंचवीस मिनिटं. वेग असा ठेवा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. ‘हो’, ‘नाही’ एवढंच निघत असेल तर तुम्ही जोरात आहात. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांत दुखत असेल तर पुढचा आठवडा न घेता तोच पुन्हा करा. हाडावर बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ उठत असेल तर पूर्ण थांबा आणि दाखवा.

या धाव-चाल पद्धतीचा तुमच्यासारख्याला आणखी एक उपयोग आहे. धावताना माणसाची नजर तीन-चार मीटर पुढच्या जमिनीवर असते आणि कानात स्वतःचाच श्वास भरलेला असतो, त्यामुळे आजूबाजूचं जवळजवळ काही कळत नाही. चालण्याची दोन मिनिटं ही बघण्या-ऐकण्याची मिनिटं करा. मान वर, आधी दूरचं वळण, मग दोन्ही कडांची झाडी, मग एकदा मागे. श्वास नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर. बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब ठेवला की धडधड उतरते. इअरफोन झाडीच्या रस्त्यावर अजिबात नको, एका कानातही नको. ट्रकसाठीही नको.

जागा पायऱ्यांनी चढवा. पहिले तीन-चार आठवडे जिथे भीतीचा प्रश्नच नाही अशा ठिकाणी जा: मानकापूरचं क्रीडा संकुल, रवीनगरचं विद्यापीठाचं मैदान, नाहीतर सिव्हिल लाइन्सचा वॉकर स्ट्रीट, जिथे सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. दाभ्याहून गाडीने जावं लागेल, हे मान्य. तरी आठवड्याला तीन फेऱ्या, महिनाभर, एवढा खर्च करण्यासारखा आहे, कारण या काळात शरीराने धावणं म्हणजे धास्ती असं समीकरण शिकायला नको. मग आपल्याच वस्तीतले दिव्यांचे रस्ते. त्यानंतर फुटाळा, सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरी, पूर्ण उजेडात, रविवारी, गर्दीच्या वेळी. आणि गोरेवाड्याच्या कडेचा रस्ता सर्वांत शेवटी, दोन-तीन सोबती घेऊन, आधी एकदा नुसतं चालून. प्रत्यक्ष जंगलात, तारेच्या आत किंवा पायवाटेने शॉर्टकट म्हणून, कधीच नाही. वन विभागाच्या उद्यानांत गेटच्या वेळेतच जा आणि ठरलेल्या वाटेवरच राहा.

तो शेवटचा रस्ता चालून बघताना नेमकं काय बघायचं? पहिलं म्हणजे कडा. झाडी रस्त्याला चिकटलेली आहे की दोन्ही बाजूंना आठ-दहा मीटर मोकळं आहे? बिबट दबा धरून येणारा प्राणी आहे. त्याला घाणेरीचं झुडूप, नाला, उंच गवत, पडकी भिंत असा आडोसा जवळ लागतो. मोकळ्या जागेतून तो माणसावर धाव घेत सुटत नाही. दुसरं म्हणजे कचरा. ढाब्याच्या मागचा ढीग, चिकनच्या दुकानाचा टाकलेला माल, लग्नाच्या लॉनमागचं उष्टं. तिथे कुत्री आणि डुकरं जमतात, आणि बिबट त्यांच्या मागे येतो. धावण्याच्या वाटेतला असा एक ढीग महापालिकेकडे तक्रार करून उचलायला लावलात तर ते हातात काठी घेऊन धावण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. तिसरं म्हणजे धुळीतले ठसे. बोटांच्या टोकाशी नखांच्या टिकल्या उमटल्या असतील तर बहुतेक वेळा तो कुत्रा असतो, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून ठेवतात. नखं नाहीत, मागची गादी मोठी आणि ठसा तळहाताच्या रुंदीला येणारा असेल तर फोटो काढा, शेजारी मापासाठी किल्ली ठेवा, आणि वन विभागाला कळवा.

आवाजांची ओळख करून घ्या, निम्मी भीती आवाजाची असते. फेब्रुवारी ते एप्रिल सागाचा पाचोळा पडलेला असतो आणि त्यात जोरात खरखर, उड्या, ओरबाडल्यासारखा आवाज येतो. तो जवळजवळ नेहमी सातभाई, मुंगूस किंवा सरड्याचा असतो. एवढासा सरडाही वाळक्या सागाच्या पानावर धावला तर माणूस चालल्यासारखा वाजतो. बिबट उलट पाचोळा टाळून पाऊल टाकतो, त्याचा आवाज सहसा येतच नाही. तुमचं लक्ष दुसऱ्या आवाजांकडे हवं: वानरं झाडावर वर चढून एकाच दिशेला बघत ‘खॅक्-खॅक्’ करत राहिली, किंवा रोज अंगावर येणारी कुत्री आज शेपूट घालून वस्तीकडे सरकत असतील, तर त्या दिवशी तिथूनच परत फिरा. कारण शोधायला पुढे जाऊ नका.

कुत्र्यांचं वेगळं सांगतो, कारण ती तुम्हाला दर आठवड्याला भेटणार. कुत्रा पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागतो, म्हणून टोळी दिसली की वीस-तीस मीटर आधीच चालायला लागा. अंगावर आली तर थांबा, तोंड तिच्याकडे ठेवा पण डोळ्यांत रोखून बघू नका, जाड आवाजात ‘हट्’ म्हणा, खाली वाकून दगड उचलल्याची कृती करा. तिची हद्द संपेपर्यंत चालतच जा. पावसाळ्यानंतर विणीचा हंगाम असतो, थंडीत पिल्लं असतात, आणि पिल्लांची आई नेहमीपेक्षा लांब धावून येते. तेवढे आठवडे ती गल्ली टाळा. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन रेबीजची लस घ्या, कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लसीचे पुढचे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करा, कुत्रा जिवंत दिसला म्हणून आपल्या मनाने सोडू नका.

आता बिबट. तो दिसलाच तर बहुधा तीस-चाळीस मीटरवर रस्ता ओलांडताना, दोन-तीन सेकंद. जागेवर थांबा. पाठ फिरवून पळायचं नाही, हाच एक नियम झोपेतसुद्धा आठवला पाहिजे, कारण धावणाऱ्याच्या पायांना पहिली बुद्धी तीच सुचते. पळणारी पाठ बघून त्याची शिकारीची ऊर्मी जागी होते. उभे राहा, हात वर करा, जर्किन असेल तर दोन्ही बाजूंना फाकवा, सोबत्यांजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहा आणि खणखणीत आवाजात बोला. मग त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. तो ज्या बाजूला निघाला आहे ती वाट मोकळी ठेवा. मोबाइल काढून पुढे जायचं नाही. तो मादी असेल तर मागून पिल्लं ओलांडायची बाकी असतात आणि तुम्ही नेमके मध्ये येता. अंगावर आलाच तर मान आणि गळा वाचवा, उभेच राहण्याचा प्रयत्न करा, हातात येईल त्याने तोंडावर मारा. वाघासाठीही हेच.

याच कारणाने एक बारीक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही: झाडीच्या कडेला वाकायचं किंवा बसायचं नाही. उभा माणूस बिबट्याला उंच, अनोळखी दिसतो. वाकलेला माणूस शेळीएवढा होतो आणि मान समोर येते. बुटाच्या नाड्या घरीच दोन गाठींनी बांधा. वाटेत सुटलीच तर रस्त्याच्या मोकळ्या भागात या, मैलाच्या दगडावर किंवा कठड्यावर पाय ठेवून बांधा, सोबती झाडीकडे तोंड करून उभा असू द्या. जमिनीवर बसून करायचे ताण सोसायटीच्या गेटच्या आत. लघवीला झुडपाआड जायचं नाही. लहान मूल किंवा पाळीव कुत्रा या रस्त्याला सोबत आणायचाच नाही. कुत्रा तुमचं रक्षण करत नाही, तो बिबट्याला आमंत्रण देतो.

रानडुक्कर दिसलं तर वाट सोडा. मादी आणि पिल्लांच्या मध्ये येऊ नका, चाल करून आलं तर झाडामागे जा किंवा कमरेएवढ्या उंच कट्ट्यावर चढा. रोही (नीलगाय) अंगावर येत नाही, पण बिचकून आडवा धावतो, तेव्हा कळप दिसला की थांबून तो पूर्ण जाऊ द्या. अस्वल शहराच्या कडेला क्वचित. रामटेक, उमरेडकडे गावी गेल्यावर धावणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडांखाली पहाटे जाऊ नका, त्या वेळी ते फुलं खायला आलेलं असतं आणि अचानक जवळ माणूस आला की घाबरून तुटून पडतं. आंधळ्या वळणावर बोलत जा, म्हणजे त्याला आधीच कळतं.

एकाच जिवापासून जिवाच्या आकांताने पळायचं: आग्यामोहोळ. उंच झाडांवर, टाक्यांवर, इमारतींच्या छज्ज्याखाली पोळी असतात. माश्या उठल्या तर हात न झाडता टी-शर्ट डोक्यावर ओढून डोळे-तोंड झाका आणि सरळ रेषेत बंद जागा किंवा गाडी मिळेपर्यंत पळत राहा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

साप पावसाळ्यात. घोणस, नाग, मण्यार, फुरसे हे चारही विषारी आपल्याकडे आहेत. गवतातून नको, डांबरावरून धावा. अंधारात जावंच लागलं तर नुसता हेडलॅम्प पुरत नाही. डोळ्याच्या रेषेतून पडलेल्या उजेडात सावली दिसत नाही आणि साप, खड्डा, दोरी सारखेच सपाट दिसतात. कमरेच्या उंचीवर हातात टॉर्च धरा, वस्तूची सावली लांब पडते आणि ती लगेच उठून दिसते. दंश झाला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता, फळी किंवा काठी लावून, १०८ किंवा मिळेल त्या गाडीने थेट मेडिकल.

वाहनांसाठी: समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, फिकट रंगाचा टी-शर्ट आणि चमकणारी पट्टी घाला. रिंग रोडवर धावू नका. उन्हासाठी: मे महिन्यात सूर्योदयाला सुरू, सातच्या आत घरी, निघण्याआधी दीड ग्लास पाणी. मेअखेरच्या नवतपात पहाटही गार होत नाही, तेवढे नऊ दिवस फक्त चाला.

प्राणी दिसल्यावर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. वेळ, जागा, जवळची खूण, किती प्राणी, कोणत्या दिशेला गेला, एवढं सांगा. ग्रुपवर ‘आत्ता इथे आहे’ असं टाकू नका. पंधरा मिनिटांत शे-दोनशे लोक मोबाइल घेऊन जमतात, प्राणी कोंडला जातो आणि अशा वेळी माणसं जखमी होतात. खात्रीची बातमी असेल तर तो रस्ता दोन-तीन आठवडे सोडा आणि मैदानावर जा, तुमच्या आठवड्यांच्या हिशोबात खंड पडत नाही.

ट्रेडमिल मे-जूनसाठी आणि बातमी ताजी असतानाच्या आठवड्यांसाठी चांगली आहे. एक टक्का चढ ठेवा, पंखा समोर लावा. पण संपूर्ण धावणं तिच्यावर नेलंत तर पट्ट्यावर पाऊल एकसारखंच पडत राहतं, उतार, वळण, खडबडीत कडा यांची घोट्याला सवय राहत नाही, आणि पुढे बाहेर पडल्यावर तो मुरगळतो. आत्ता विकत घेऊ नका. जवळच्या जिमचं दोन महिन्यांचं सदस्यत्व घ्या, पहिले आठ आठवडे पूर्ण करा, आणि मग ठरवा.